सांधा

मेनच्या किनाऱ्यापासून अकरा मैल आत,
जिथं टपालाची बोट आठवड्यातून तीनदा येते
आणि धुकं धरलं तर एकदाही नाही,
तिथल्या शाळेत मुलं सात.

लोइस थिबोडो बाई पेन्सिलीला टोक काढतात
आणि ऑरिन बीलपुढे एक शब्द सरकवतात.
लांब शब्द दिसला की ऑरिन
डोकं तेवढं वाचतो, धड ठोकून देतो.
परवा 'सप्टेंबर'चं त्यानं 'सपर' केलं.
सगळे हसले. तोही हसला, थोडा उशिरा.

आजचा शब्द लॉब्स्टर.
हा तर त्याच्या घरातलाच.
पहाटे बापाबरोबर पिंजरे उपसून येतो तो,
वहीलासुद्धा हेरिंगचा वास.
पण कागदावर सात अक्षरं ओळीनं उभी राहिली
की शेजारच्याच माणसानं
तोंडाला फडकं बांधून दार वाजवावं, तसं वाटतं.

"तुझे आजोबा कसा फोडतात रे लॉब्स्टर?"
"हातोड्यानं नाही," तो जरा दुखावतोच,
"सांध्यात वाकवायचा. तिथं आपण होऊन सुटतो."
"मग याचा सांधा शोध."

स्वरांखाली टिंब दे आधी.
ओखाली एक. ईखाली एक.
दोन टिंबं म्हणजे दोन तुकडे;
स्वराशिवाय तुकडा म्हणजे
सुकाणूवर कुणी नसलेली होडी.
मधे व्यंजनं तीन, पण एस आणि टी
मागच्या बाकावरच्या जुळ्यांसारख्या,
हात सोडायच्या नाहीत.
मग रेघ कुठं?
ऑरिन जीभ दातांत धरून रेघ मारतो.
लॉब. स्टर.
कट्कन आवाज झाला, असं त्याला वाटतं.

(माझ्या भाषेत सांध्याला संधी म्हणतात,
आणि दार किलकिलं असलं तरी संधीच म्हणतात.
बाईंना हे ठाऊक नाही.
त्यांना पेन्सिलीची रेघ ठाऊक आहे.)

दोन स्वरांत एकटंच व्यंजन सापडलं
तर आधी अलीकडे कापून बघ.
रो-बिन.
"असलं काही नसतं," ऑरिन म्हणतो.
मग रेघ पलीकडे ने.
रॉब-इन.
तो खिडकीबाहेर बघतो.
लाकडांच्या ढिगावर तांबड्या छातीचा एक पक्षी
मघापासून हेच सांगत होता.

नियम चुकला तर? जुळ्यांपैकी एक विचारते.
चुकतोच, बाई म्हणतात. खोडरबर कशाला दिलंय?

मार्चअखेर एका दुपारी
बाईंच्या कॉफीच्या कपाखाली एक पत्र होतं,
जिल्हा कार्यालयाचा शिक्का असलेलं.
बाई चुलीत लाकूड सारायला वळल्या तेवढ्यात
ऑरिननं कप बाजूला केला.
तेरा अक्षरांचा शब्द, ठळक छापलेला.
त्यानं टिंबं दिली. सरकारी कागदावर.
शेवटची चार अक्षरं तोडायची नाहीत,
ती एका घरात राहतात, मिळून 'शन' म्हणतात.
कन. सॉल. इ. डे. शन.
मोठ्यानं वाचला त्यानं, न अडखळता,
आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या.

बाई लाकूड हातात धरूनच उभ्या राहिल्या.
सहा महिने त्या याच वाचनाची वाट बघत होत्या.

"म्हणजे काय?"
"एकत्र जोडणं," त्या म्हणाल्या.
"काय काय?"
"आपली शाळा. पलीकडच्या मोठ्या शाळेला."
"मग आम्ही रोज बोटीनं?"
"नाही. तिकडेच राहायचं. सोमवार ते शुक्रवार."
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
चूल तेवढी तडतडत होती.
जोडणं असा अर्थ असलेल्या शब्दाचे
पाच तुकडे टेबलावर पडले होते.

घरी जाताना ऑरिन धक्क्यावरच्या पाटीपाशी थांबला.
बेटाचं नाव त्याला पाठ होतं,
खालचा शब्द त्यानं कधी वाचलाच नव्हता,
बघून सोडून दिलेला.
आयलंड.
खिशातली पेन्सिल काढून
नियमाप्रमाणं एस आणि एलच्या मधे
त्यानं पाटीवर बारीकशी रेघ मारली.

"इज. लँड," तो म्हणाला. "जमीन आहे?"

तो एस मुका असतो, हे सांगायचं होतं बाईंना.
मफलर सारखा करत त्या म्हणाल्या,
"आहे."