पांढऱ्याच्या पाच जोड्या

डॉक्टर हिरेमठांनी फिल्म खिडकीला धरली,
उजेडाचा डबा बिघडला होता म्हणून.
मागे नेहरूनगरचा रस्ता, हुबळीला निघालेली बस,
पुढे आप्पांचं डोकं, सोळा चौकोनांत.

'हे काळे ठिपके बघा. मोहरीएवढे पण नाहीत.
कधीतरी रक्त पाझरलं, थांबलं,
त्यांना कळलंही नसणार.
आणि हे पांढरं पसरलंय ते आतल्या तारांचं.
तारा म्हणजे... समजलं ना?'

लुमाण्णा मुतगेकरला तारा समजावायच्या!
एकतीस वर्षं केबल जॉइंटर, टेलिफोन खात्यात.
खानापूर रोडच्या कडेला खड्ड्यात कमरेपर्यंत,
तांबड्या चिखलात, आधी कागदी तारा, पुढे जेलीतल्या,
जोडीला जोडी लावत.
पाढ्यांच्या आधी त्यांनी मला हे शिकवलं:
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा,
पांढरा-तपकिरी, पांढरा-करडा,
मग तांबडा लागतो.

गेल्या दिवाळीपासून पावलं आखूड पडतात,
फरशीला चिकटल्यासारखी.
आधी दूध की आधी साखर,
गॅस पेटता ठेवून उभे राहतात.
प्रेशरची गोळी अर्धी करून घ्यायचे, आईला न सांगता,
डोकं तर दुखत न्हाई म्हणून.

मी विचारलं, ठिपक्यांमुळं हे पांढरं झालं,
की पांढऱ्यामुळं ठिपके?
डॉक्टरांनी चष्मा काढला.
नर्सला कन्नडात दार लोटायला सांगितलं.
'बऱ्याचदा दोन्ही एकाच घरात सापडतात.
बारीक नळ्या, वर्षानुवर्षांचा दाब.
कोण कुणाच्या मागनं आलं,
ते खात्रीनं नाही सांगता येत.'

आप्पा उठले. फिल्मपाशी गेले.
एका ठिपक्यावर नख ठेवलं,
पांढऱ्यापर्यंत सरकवत नेलं,
जसं पूर्वी नकाशावर, टिळकवाडी ते पिरनवाडी.
'दोन फॉल्ट न्हवंत ह्ये.
कंप्लेंटी दोन येतात. एकीच्या फोनात खरखर,
दुसरीचा मेलेला.
खणलं की आवरण एकच झिजल्यालं. ओल एकच.'
डॉक्टर हसले नाहीत. लिहायचे थांबले.

मला वाटलं, आले आप्पा परत.
मग दुरुस्त कसं करायचं?
'भिजल्याला कागद वाळत न्हाई, पोरी.
फुडचं राखायचं.'

जिन्यात त्यांनी कठडा धरला.
एकेका पायरीला एकेक जोडी.
निळा. नारिंगी. हिरवा. तपकिरी.
पांढरा-करडा.
पुढची पायरी होती,
रंग नव्हता.
'काय बघालीस? चल की,' म्हणाले,
आणि पाय तिथंच.

तांबडा माझ्या ओठांवर होता. मी दिला नाही.
गोळ्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
खालून वॉचमन ओरडला, लिफ्ट चालू झाली म्हणून,
एकदा कन्नडात, एकदा मराठीत.