टाचणी

बायको घर झाडत होती म्हणून कळलं.
मशीनपासून मोरीपर्यंत रक्ताचे ठसे,
टाचेत डोक्यापर्यंत रुतलेली टाचणी.
"दुखलं नाई काहो?"
नाई. साखरेनं पाय केव्हाच मुका केलेला.

टाचणी निघाली, भोक राहिलं
दोन उन्हाळे, एक मंडई.
नाटकातल्या राजाचा झगा हातानं शिवला,
पाय उशीवर ठेवून.
आत हाडाला वाळवी लागली होती.
वास येतो, हे घरात कोणीच बोललं नाही.

ब्रह्मपुरीत म्हणाले, गुडघ्याखालून काढू.
नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला,
जसं मी जुनं लुगडं धरतो,
कुठवर विरलं बघायला.
"सडलं तेवढंच हाड काढते. पाय राहील.
टाच मात्र नसेल, मुखरूभाऊ."

मी विचारलं, माया किती सोडता?
त्यांना कळलं बहुतेक.
"चांगलं हाड लागेपर्यंत कापीन," म्हणाल्या,
"मग जेवढी उरेल."

आता बूट आहे, आत जाड गादी.
पायडल चवड्यानं मारतो.
रात्री ती तळव्याखाली आरसा धरते,
मोबाइलच्या उजेडात व्रण तपासते.
"एक टाका वाकडा पडला जी."
राहू दे, म्हणतो,
उसवू नको.