कुंपणाचा खर्च

बॅलार्ड इस्टेटला तिसऱ्या मजल्यावर
माझ्या टेबलाला खिडकी नव्हती, स्क्रीन होता.
त्यावर डॉलर, गॅसवर ठेवलेल्या दुधासारखा :
नजर काढायची सोय नाही.

कर्ज घेतलं तेव्हा चव्वेचाळीस होता.
चार कोटी डॉलर, लंडनहून, पाच वर्षांसाठी,
व्याज इथल्या निम्म्याहून कमी.
खालापूरच्या नव्या प्लँटसाठी. पेढे वाटले.
नाबर साहेब म्हणाले, पैसा स्वस्त झालाय,
जणू संध्याकाळची कोथिंबीर.

मी टिपणी लिहिली, दीड पान.
हेजिंग करावं, वर्षाला खर्च इतका इतका.
आपला माल जातो नाशिकला, नागपूरला,
डॉलर कमावून आणणारं आपल्या घरात कोणी नाही.

टिपणी परत आली. समासात हिरव्या शाईत
एकच ओळ : कुंपणच शेत खाईल.
अक्षर मात्र सुरेख त्यांचं.

गोकुळाष्टमीला अडुसष्ट झाला.
बोरा बाजारच्या तोंडाशी पोरं
उद्याच्या हंडीचा दोर बांधत होती.
मी तोच गुणाकार तीनदा केला.
एकशे शहात्तर कोटींचे दोनशे बाहत्तर.
एक डॉलर जास्त घेतला नव्हता,
एक हप्ता चुकवला नव्हता.

आई सांगायची, शेजारून वाटीभर साखर आणली
तर परत देताना शिगोशीग द्यावी.
तिला कसं समजावू?
शीग नाही गं, वाटीच मोठी झाली,
फडताळात ठेवल्या ठेवल्या.

बोर्डाच्या इतिवृत्तात शब्द आला : अनपेक्षित.
टाइप मीच केला.

नाबर साहेब आता दुसरीकडे असतात,
तिथे म्हणे पै न पै हेज करतात.

प्लँट बंद झाला त्या आठवड्यात
फिटर विलास ठोंबरेचा फोन आला.
मॅडम, तुमचं खातं ट्रेझरी. म्हणजे तिजोरीच ना?
मग तिच्यात काय होतं?

दीड पान होतं, विलास.
एकदाच पाठवलं होतं.
दुसऱ्यांदा पाठवायचं ठरवलं
तेव्हा मार्च होता, इन्क्रिमेंटचा महिना,
आणि डॉलर
अजून चोपन्नच्या आतबाहेर
शांत दिसत होता.