नोंद

मंगळवारी ग्रंथालय उशिरापर्यंत उघडं असतं.
केअर होमची पाळी संपवून न्यीमा येते,
हातांना अजून जंतुनाशकाचा वास.
बाहेर ग्लासगो. चार वाजताच काळोख.
"तीन नंबरचं मशीन द्या," म्हणते,
"त्याची बटणं अडकत नाहीत."

एरवी मी तिला कौन्सिलच्या पत्रांचा अर्थ लावून देतो.
आज तिने पर्समधून पावती काढली,
आठ घड्या पडलेली,
आणि आवाज इतका खाली आणला
की मला वाटलं, कुणाचं तरी दुखणं सांगतेय:
आन्सुमाना बोजांगच्या दुकानाला
पैसे पाठवायचा परवाना आहे का,
ते कुठे बघतात?

दुकान मला ठाऊक आहे.
सुकी मासळी, पाम तेल, गंगावनांची पाकिटं,
काउंटरमागे पाटीवर खडूने लिहिलेला
डलासीचा आजचा भाव.
काचेवर स्टिकर, त्यावर नोंदणी क्रमांक,
उन्हाने उडालेला. आमच्या गावात
ऊन ते असतं किती, तरी उडालेला.

"माझ्या पहिल्या हिवाळ्यात कोट त्यानेच दिला,"
ती म्हणाली. "पैसे नंतर दे म्हणाला.
नंतर कधी मागितलेच नाहीत."
तो कोट तिच्या अंगावरच होता.

सरकारी नोंदवही उघडली.
क्रमांक टाकला, एकेक आकडा,
ती पावतीवर बोट ठेवून वाचत होती,
मी टाइप करत होतो.
पान आलं.
नाव बरोबर. पत्ता बरोबर. रस्त्याचं स्पेलिंगसुद्धा.
आणि खाली, ना लाल ना ठळक,
बाकीच्या अक्षरांएवढ्याच अक्षरांत:
एजंट म्हणून नोंद मार्चमध्ये संपली.

नोव्हेंबर चालू होता.
तिने बोटांवर मोजलं.
"आठ वेळा पाठवले त्यानंतर."
थोड्या वेळाने,
"आठही वेळा पोचले. आईने पत्रे घातले त्यातून,
धाकटीची फी गेली."
मग माझ्याकडे बघून,
"पोचले कसे मग?"

याचं उत्तर देणारा रकाना
त्या पानावर नव्हता.

मी त्याला चोर म्हणालो नाही.
नोंदवहीही तसं म्हणत नाही.
तिचं म्हणणं एवढंच की
नवव्या वेळी बुडाले,
तर ज्या दारावर जाऊन हाका मारायच्या
ते दार आता भिंत आहे.
हे मी तिला जरा सोपं करून सांगितलं
आणि सांगताना मला आई आठवली,
नाताळच्या भिशीत वर्षभर
दर शुक्रवारी दोन पौंड भरणारी.
भिशीवाला फार गोड बोलायचा.
डिसेंबरात शटरला कुलूप.
आईने त्याला शिव्या नाही दिल्या कधी,
मीच देतो, अजून.

न्यीमाने पान छापून घेतलं. दहा पेन्स.
घडी घातली, पावतीबरोबर ठेवली.
दुसऱ्या एका कंपनीचं नाव शोधलं,
तिचीही नोंद तपासली, दोनदा,
फोन नंबर पावतीवरचा नव्हे, नोंदवहीतला उतरवला,
हे मी न सांगता.
"तीन पौंड जास्त घेतात," म्हणाली.
तीन पौंड म्हणजे तिच्या दोन दिवसांच्या बसमधला
एकीकडचा प्रवास; ती चालत जाईल, मला माहीत आहे.

जाताना दारात थांबली.
"मासळी मात्र त्याच्याकडूनच घेणार."
कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

तिने त्याला ते पान दाखवलं की नाही,
मी विचारलं नाही.
पण तीन आठवड्यांनी, मंगळवारीच,
आन्सुमाना आला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
अंगठ्याच्या नखात स्टिकरचा डिंक.
अर्ज कुठे मिळतो म्हणाला.
एका बोटाने टाइप करत राहिला,
नाव, पत्ता, जन्मतारीख.
शुल्काच्या रकान्यापाशी थांबला,
आकडा मला मोठ्याने वाचायला लावला,
पुन्हा एकदा लावला,
मग टोपी घालून गेला.

अर्धा भरलेला अर्ज तीन नंबरवर आहे.
रात्री मशीन बंद करताना
मी तो पुसत नाही.