किती दिवसाआड

दोन भिश्या उचलल्या, एक हप्ता थांबवला
आणि भर मेमध्ये, सोलापूर त्रेचाळीसवर असताना,
आम्ही चौघं मालदीवला निघालो.
शेजारच्या गड्डमबाई म्हणाल्या,
उन्हाळ्यात माणसं थंड जागी जातात गं,
तुम्ही समुद्रावर काय वाळत घालणार?

टेंभुर्णीच्या अलीकडे श्रीजाला उलटी झाली.
मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्याने
शेंगाचटणीचा डबा उघडून वास घेतला,
आणि, खोटं नाही सांगत, पुन्हा एकदा घेतला.
मग दिला परत.

बेट म्हणजे एवढंसं.
आमच्या विडी घरकुलातल्या दोन गल्ल्या मावतील,
तिसरीचे पाय भिजतील.

गिरू गुडघाभर पाण्यात उतरला
आणि मागे वळून म्हणाला,
"मम्मी, हे किती दिवसाआड येतं?"

मी हसले. अंबादास हसला नाही.
"रोज," म्हणाला.
मग भरती-ओहोटीची पाटी वाचून आला
आणि चूक दुरुस्त केल्यासारखं सांगितलं,
"दिवसातून दोनदा."

"मग कुणी भरून का ठेवत नाही?"

याचं उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर पाण्याची बाटली, सहा डॉलर.
श्रीजाने मनातल्या मनात गुणाकार केला
आणि ग्लास खाली ठेवला.
पी गं, म्हटलं, सुट्टीवर आलोय आपण.
प्यायली. पण घोट मोजून,
आजारी माणूस औषध पितो तसं.

खोलीत पलंगावर टॉवेलचा हंस होता.
मुलं त्याला हात लावेनात.
अंबादास वाकला, हंसाची मान चिमटीत धरली,
काठ उलटून बघितला.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चौदा वर्षं
हेच तर बघत आलाय तो.
मला वाटलं, आता म्हणेल, आपलाच.
"आपला नाही," म्हणाला. "लूप सैल आहेत."
आणि उगाचच थोडा खूश झाला.

रात्री मात्र उठून तो हंस उलगडून बसला.
घडी घालतोय, सोडतोय, घालतोय.
सकाळी उशीजवळ
बदकासारखं काहीतरी मान टाकून पडलेलं.

तिसऱ्या दिवशी घरी फोन लावला.
अत्तम्माच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं.
"फिरव बघू तो फोन," म्हणाल्या.
मी फिरवला. हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
बराच वेळ नुसती कात्री ऐकू येत राहिली.
मग:
"खारटच ना?"
"हो."
"मग ठीक आहे."
थोडं थांबून, "इकडं पहाटे चारला आलं होतं.
तुमची पिंपंपण भरून ठेवलीत.
अर्धा तास टिकलं, बारीक धार."
तेवढ्यात मागे एक लाट फुटली
आणि मला, का कोण जाणे,
फोनवर हात धरावासा वाटला.

परतताना गिरूच्या बॅगेत,
मोज्यात गुंडाळलेली, खोकल्याच्या औषधाची बाटली सापडली.
धुतली नव्हती नीट.
समुद्र थोडा गुलाबी दिसत होता.

ती आता खिडकीत आहे.
ऊन लागून तिच्यातलं पाणी जरा खाली उतरलंय,
का झाकण सैल आहे, कळत नाही.
पाण्याच्या दिवशी गजर होतो,
नळ आधी खाकरतो, नुसती हवा सोडतो,
आम्ही बादल्या घेऊन अंधारात उभे,
आणि गिरू डोळे चोळत खिडकीपर्यंत जातो,
बाटली हलवून बघतो,
परत येऊन आम्हाला सांगतो,
आहे.
अजून आहे.