चित्राची पाठ

चौघांनी उचलून चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं
आणि होडी दिसेनाशी झाली.
नऊ माणसं, फाटका झेंडा, पहाटेचा तो भलताच गुलाबी उजेड
जो शाळेच्या वहीवर होता, काडेपेटीवर होता,
मांसाच्या अर्काच्या डब्यावरसुद्धा,
सगळं गेलं.
उरली मळक्या कापडाची पाठ,
देवदारी पट्ट्या, गंजके खिळे.
नेलिदा बेरुएतानं चष्मा पुसला.
चित्राचा सातबारा पाठीवर असतो.

सर्वांत जुनी चिठ्ठी फ्लॉरेन्सच्या रंगवाल्याची.
म्हणजे मायभूमीचा हा किनारा
परक्या नदीकाठी, भाड्याच्या खोलीत उगवला.
वल्ही मारणारे वीर बाजारातले हमाल,
दिवसाला दोन लिरा आणि वाटीभर सूप.
आणि पाण्याकडे न बघता आपल्याकडे बघणारा तो पोरगा
कुणा धोबिणीचा.
त्याला पोहता येत नाही, लास्कानो पत्रात लिहितो,
म्हणून चेहरा असा छान आलाय.

मग खडूचा आकडा, जहाजावरचा.
मग खारवलेल्या मांसाचे व्यापारी उर्किओला,
सरकारला भेट देतो म्हणाले
आणि जेवणघरात टांगलं.
वीस वर्षं चुरुटांचा धूर. पहाट पिवळी पडली.
मुलगा घोड्यांवर हरला, तिथं बँकेची लाख,
अजून शाबूत.
बँक मात्र बुडाली.
तेव्हा मोंतेविदेओत वर्गणी निघाली होती,
शाळांतून पोरांनी नाणी आणली,
जमली ती चौकटीच्या किमतीएवढी.
विधवा. जावई. विमा कंपनी.
प्रत्येकानं आपलं नाव पाठीवर चिकटवलं,
पुढून कुणाचंच दिसत नाही.

कॅटलॉगात यानंतर एकच ओळ :
१९७४ ते १९८४, खाजगी संग्रह.

नेलिदा बॅटरी तिरकी धरते.
चिठ्ठी नाही. चिठ्ठी खरवडल्याचा चौकोन आहे,
भोवतीपेक्षा जरा उजळ.

ही दहा वर्षं तिला पाठीकडून वाचायची गरज नाही.
तिला ती पुढून ठाऊक आहेत.
ती अकरा वर्षांची, बाक कडक, पाय जमिनीला टेकत नव्हते,
आई खिडकीतल्या कारकुनाला
भावाचं नाव अक्षर अक्षर फोडून सांगत होती,
कर्नलसाहेब कामात होते,
आणि समोरच्या भिंतीवर ही होडी.
तिनं माणसं मोजली. नऊ.
पुन्हा नऊ.
एकदा दहा भरली.
ती उठून उभी राहिली.
आईनं हात धरून खाली बसवलं.

लिलाव गुरुवारी झाला, सगळा मिळून सहा मिनिटं.
एक निवृत्त मास्तर टोपी काढून उभे राहिले,
मागच्यांना दिसेना, त्यांना बसवावं लागलं.
शेवटची बोली टेलिफोनवरून आली.
टेलिफोन धरलेल्या मुलीनं नुसती मान हलवली.
हातोडा पडला.
मंत्री दुसऱ्या दिवशी म्हणाले, राष्ट्राचा ठेवा
राष्ट्रातच राहायला हवा होता.

खोका तयार आहे. अन्सेल्मो स्क्रू मोजतोय,
त्याला चार वाजता बंदर गाठायचंय.
फॉर्मवर रकाना : स्थिती.
ती लिहिते, चांगली. वार्निश पिवळं. डाव्या कोपऱ्यात डाग.

मग खिशातली पेन्सिल काढून,
नोकरीत बत्तीस वर्षं जे करू नका म्हणून
नव्या पोरांना बजावलं, ते करते.
उजळ चौकोनात, बारीक अक्षरात :

मंगळवार. दुपारी दोन ते सहा.
आई आणि मी. रुबेन बेरुएता, वय एकोणीस.

अन्सेल्मो बघतो. काही बोलत नाही.
झाकण उचलायला
तिला दुसरी बाजू धर म्हणतो.