वयाची चौकट

सेलूच्या सरकारी दवाखान्यात
दोन नंबरच्या खिडकीपाशी जे यंत्र आहे
ते मी लिहिलं.
म्हणजे डबा कंपनीचा, पडदा कंपनीचा,
आतलं बोलणं माझं.
नाव विचारायचं, गाव, वय,
वयावरून जन्मसाल काढायचं, चिठ्ठी द्यायची.
एवढंच.

आधी तिथं वाहेदभाई बसत,
कानात अत्तराचा फाया, पुढ्यात लांबडी वही.
सोजरबाई म्हणायची, "रझाकाराच्या वक्ताला मी थानाला व्हते,"
ते चष्म्यावरून एकदा बघत
आणि लिहीत, अठ्ठ्याहत्तर.
कुणी टवाळ म्हणाला, "लिव्हा तीनशे,"
तर म्हणत, "मग इथं कशाला आलास बाबा,
वेरूळला जाऊन बस. तिकीट लावतील तुला."

मार्चअखेर ते निवृत्त झाले.
त्यांच्या जागी मी यंत्र बसवलं.
वयाच्या चौकटीपाशी
कुणालाच बसवलं नाही.

मंगळवार. दहा चाळीस.
चारठाण्याचा सुमेध खिल्लारे, वय नऊ,
आईला म्हणाला, मीच दाबतो.
बोटाला गूळ होता.
नऊ दाबलं, बोट निघालं,
बटण निघालं नाही.
नव्वाण्णव. नऊशे नव्वाण्णव.
चौकट भरेस्तोवर नऊच नऊ,
आणि माझं यंत्र
म्हणालं, बरं.

लीप वर्षाचा हिशेब चुकू नये म्हणून
मी त्याला शिकवलं होतं
एकेक साल मागं जायला.
ते निघालं.
निजाम गेला, मग आला.
देवगिरीचा कोट पडला, मग उभा राहिला,
मग एकेक चिरा खाणीत परतला.
कैलास लेणं पुन्हा नुसता डोंगर झालं.
पैठणची पेठ उठली.
दुधना उलटी फिरून मातीत शिरली.
काळा दगड लाल झाला, वाहायला लागला.
मग दगड नाही. मग सूर्य नाही.
ज्यातून वजा करायचं ते सालच उरलं नाही,
तरी ते वजा करत राहिलं,
थांब म्हणून मी कुठंच लिहिलं नव्हतं.

पडद्यावर एक गोल फिरत होतं.
मागं एकशे ऐंशी माणसं.
"काय करायलंय ते?"
"इचार करायलंय."
"कवाधरनं?"

फोन आला तेव्हा मी परभणीत होते.
बंद करून चालू करा म्हटलं. केलं.
ते पहिली अर्धी राहिलेली चिठ्ठी शोधायला उठलं
आणि पुन्हा तिथूनच चालायला लागलं.
तेही मीच शिकवलेलं,
कुणाचा नंबर जाऊ नये म्हणून.

मी पोचले अडीचला.
ओपीडी संपली होती.
डॉक्टरांच्या टेबलावर, तारेला टोचलेले
औषध कंपनीच्या कॅलेंडरचे कपटे,
जानेवारी, फेब्रुवारी, सगळे फाडलेले,
पाठीमागं ओळखीचं तिरकं अक्षर.
वाहेदभाई बीपीच्या गोळ्या घ्यायला रांगेत होते.
तासभर वाट बघितली, म्हणे,
मग कुणाचा तरी पेन मागितला.
सर्वांत खालचा कपटा:
सुमेध, चारठाणा, नऊ, कान ठणकतो.

दुरुस्ती एका ओळीची.
एकशे वीसच्या वर असेल तर पुन्हा विचार.
चार मिनिटं लागली.
पडद्यावर काय दाखवायचं यालाच वेळ गेला.
"अवैध माहिती" लिहिलं, खोडलं.
"नीट सांगा बरं" लिहिलं.
ठेवलं.

वालूरची एक बाई
कपटे सुरू व्हायच्या आधीच एसटीनं परत गेली.
शिपायाला तिची फक्त पिशवी आठवते, हिरवी.
यंत्रात तिचं नाव नाही, तारेवर नाही.
काय दुखत होतं
कुणी विचारलंच नव्हतं अजून.

निघताना रुमाल ओला करून
नऊच्या बटणावरचा गूळ पुसायला गेले.
मुंग्या लागल्या होत्या,
खिडकीच्या फटीतून थेट बटणापर्यंत,
एकामागं एक.